गाण्यासमोर उद्गारचिन्ह: यादीत आहे, जागेवर नाही

दर दिवाळीला, नाहीतर मे महिन्यात, मला हा फोन येतोच. "अरे, कालपर्यंत वाजत होतं. आता नावाच्या आधी उद्गारचिन्ह दिसतंय आणि म्हणतंय मूळ फाइल सापडत नाही." फोन कधी बाबांचा, कधी मावशीचा, कधी ऑफिसातल्या कुणाचा. दिवाळीला लॅपटॉपचीही साफसफाई निघते, आणि मे महिन्यात सुट्टीला आलेला भाचा 'डिस्क भरलीये' म्हणत फोल्डर इकडचे तिकडे करतो. गाणी तीच, माणसं तीच, चूकही तीच. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतो.

हे सगळं विंडोजवरच्या आयट्यून्सबद्दल, म्हणजे गाण्यांची यादी ठेवून ती वाजवणाऱ्या ॲपलच्या सॉफ्टवेअरबद्दल आहे, कारण फोन करणाऱ्यांकडे बहुतेक तेच असतं. मॅकवर 2019 च्या कॅटलिना या मॅकओएसच्या आवृत्तीपासून आयट्यून्स जाऊन म्युझिक हे ॲप आलं, विंडोजवरही 2024 पासून ॲपल म्युझिक आहे. तिथे मेनूंची नावं आणि जागा वेगळ्या, पण हिशोब ठेवायची पद्धत तीच. (विंडोजवर वरची मेनूपट्टी दिसत नसेल तर कंट्रोल आणि बी एकत्र दाबा. निम्मे लोक इथेच अडकतात.)

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. आयट्यून्सच्या पोटात गाणी नसतात. पोटात असते ती यादी. सातबारा आणि शेत यांत जेवढा फरक, तेवढाच यादीत आणि फाइलमध्ये. सातबारा तलाठ्याकडे, शेत गावाबाहेर. रात्रीत कुणी बांध सरकवला, तरी उताऱ्यावर जुनंच क्षेत्र दिसत राहतं.

यादीची फाइल तुमच्या म्युझिक फोल्डरमधल्या आयट्यून्स नावाच्या फोल्डरात असते. तिचं नाव आयट्यून्स लायब्ररी, टिंबानंतरचं शेपूट आयटीएल. गाण्याचं नाव, गायक, किती वेळा ऐकलं, किती तारे दिले, कोणत्या प्लेलिस्टमध्ये घातलं, कधी आणलं, हे सगळं तिच्यात. आणि शेवटी फाइलचा पत्ता: कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरात, काय नावाने. खरी गाणी त्याच्याच शेजारच्या आयट्यून्स मीडिया फोल्डरात असतात; त्यात म्युझिक, मग गायकाचं नाव, मग अल्बम, मग आकडा आणि गाण्याचं नाव अशी उतरंड. निदान तिथे असावीत अशी अपेक्षा असते. गडबड होते ती सगळी या 'निदान'मध्ये.

मॅकवाल्यांना इथे एक सवलत आहे आणि तिनेच त्यांची सवय बिघडते. मॅकवरची यादी नुसता पत्ता ठेवत नाही, फाइलची ओळखही धरून ठेवते. त्यामुळे त्याच डिस्कवर फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात टाकली तरी ती तिच्या मागे जाते. विंडोजवर नुसता पत्ता. घर बदललं की पत्र परत. माझी ताई पुण्यात मॅक वापरते, माहेरी आली की बाबांच्या विंडोजवर तसेच फोल्डर आवरते, आणि ती परतीच्या गाडीत बसल्यावर मला फोन येतो.

उद्गारचिन्ह लगेच उमटत नाही, हेही लक्षात ठेवा. गाणं वाजवायला गेलात की मगच सॉफ्टवेअर पत्त्यावर जाऊन दार वाजवतं. म्हणून "काल वाजत होतं" याला फार अर्थ नाही. फोल्डर तीन महिन्यांपूर्वी हललेला असतो, ते गाणं आज आठवलेलं असतं.

आधी काय करायचं नाही

उद्गारचिन्ह दिसलं की लोक हमखास एक उपाय करतात: फाइल मेनूत जाऊन 'ॲड फोल्डर टू लायब्ररी', आणि सगळा गाण्यांचा फोल्डर पुन्हा आत ओढायचा. गाणी वाजायला लागतात, माणूस खूश होतो. आठवड्याने पुन्हा फोन: "आता प्रत्येक गाणं दोनदा दिसतंय, एक वाजतं, एक नाही."

होणारच. जुनी नोंद तशीच राहते, मोडक्या पत्त्यासकट. नवीन पत्त्याची फाइल सॉफ्टवेअरला नवं गाणं वाटतं. तुमचे तारे, ऐकल्याचा आकडा, आणि बाबांनी पंधरा वर्षं एकेक गाणं वेचून केलेली 'पहाटेची' प्लेलिस्ट, हे सगळं त्या मेलेल्या नोंदीला चिकटलेलं असतं. नवीन नोंद कोरी. मग वैतागून मेलेल्या नोंदी पुसल्या, की प्लेलिस्टही रिकाम्या. हे सगळं आमच्या घरात घडलं आहे आणि करणारा मीच होतो, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो.

तेव्हा नवीन काही भरायचं नाही. यादीला हात लावायचा नाही. फाइल यादीला जिथे हवी आहे, तिथे परत नेऊन ठेवायची. बस, उपायाची दिशा नेहमी हीच.

पत्ता वाचा

उद्गारचिन्हवाल्या गाण्यावर उजवं बटण, साँग इन्फो, त्यात फाइल नावाचा भाग. अगदी तळाशी लोकेशन असं लिहिलेलं असतं. तो पत्ता कागदावर उतरवून घ्या. दुसऱ्या कुठल्या फोल्डरातली दोन-तीन गाणी घेऊन त्यांचेही पत्ते बघा. निम्मं निदान इथेच होतं.

पत्ता ई ड्राइव्हने सुरू होतोय आणि तुमची बाहेरची हार्ड डिस्क आज एफ म्हणून दिसतेय? मग गाण्यांना काहीही झालेलं नाही. विंडोज बाहेरच्या डिस्कला मोकळं असेल ते अक्षर देतं. त्या दिवशी आधी पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर ई त्याला मिळतो, डिस्कला पुढचं अक्षर. स्टार्ट मेनूत डिस्क मॅनेजमेंट उघडा, त्या डिस्कवर उजवं बटण, 'चेंज ड्राइव्ह लेटर', आणि तात्पुरता ई परत द्या. गाणी लगेच जिवंत होतील. यापुढे त्रास नको असेल तर पहिल्याच दिवशी, लायब्ररी उभी करायच्या आधी, वर्णमालेत लांबचं अक्षर द्यायचं. मी एम देतो, म्युझिकचा एम. पेन ड्राइव्ह लावून लावून कुणी एमपर्यंत पोचत नाही.

याचाच एक छुपा भाऊ आहे. बाहेरची डिस्क न जोडता आयट्यून्स उघडलं, की त्याला ठरवलेला मीडिया फोल्डर सापडत नाही आणि ते मुकाट सी ड्राइव्हवरच्या मूळ जागी जाऊन बसतं. त्या दिवशी सीडीवरून उतरवलेली गाणी सीवर पडतात. म्हणून एडिट, प्रेफरन्सेस, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन मीडिया फोल्डरचा पत्ता अधूनमधून डोळ्यांखालून घाला. डिस्क आधी, आयट्यून्स नंतर. आमच्याकडे लॅपटॉपच्या झाकणावर तशी चिठ्ठी चिकटवली आहे.

पत्ता डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा कुठल्याशा पेन ड्राइव्हचा निघाला, तर गाणं कधी मीडिया फोल्डरात आलंच नव्हतं. यादीत नोंद झाली, माल बाहेरच राहिला. मग डाउनलोड्स साफ केलं आणि गाणं गेलं. रिसायकल बिन बघा. मिळालं तर 'रिस्टोअर' करा. फाइल मूळ जागी जाते आणि नोंद आपोआप जिवंत होते. पण लगेच पुढचं पाऊलही उचला, कारण ती फाइल अजून रस्त्यावरच आहे. फाइल, लायब्ररी, ऑर्गनाइझ लायब्ररी, तिथे 'कन्सॉलिडेट फाइल्स'वर टिक करून ओके. यादीतली जी जी गाणी मीडिया फोल्डरच्या बाहेर आहेत, त्या सगळ्यांची प्रत आत येते आणि पत्तेही बदलून आतले होतात.

पत्ता बरोबर, पण फोल्डर कुणीतरी दुसरीकडे हलवलाय, असं असेल तर तो शोधून आहे तसा परत ठेवा. ते शक्य नसेल तर उद्गारचिन्हावर क्लिक करून 'लोकेट' म्हणा आणि फाइल दाखवा. एक दाखवल्यावर बाकीची हरवलेली गाणीही त्या जागेच्या आधाराने शोधू का, असं आयट्यून्स विचारतं. हो म्हणा. सगळा फोल्डर अख्खा हललेला असेल तर हे छान चालतं; कुणी फाइलींची नावंही बदलली असतील तर नाही.

पत्ताही बरोबर, फाइलही समोर, तरी नाही

हा प्रकार माझ्यासमोर एकदाच आला आणि त्याने माझा एक अख्खा रविवार खाल्ला. मराठीत नावं देणाऱ्यांनी वाचावाच.

बाबांच्या कॅसेट तीन खोक्यांत होत्या. मी त्या संगणकावर उतरवल्या तेव्हा फोल्डरांना तशीच नावं दिली: पहिल्या खोक्यातल्या, दुसऱ्या खोक्यातल्या, तिसऱ्या खोक्यातल्या. पुढे विंडोजची डिस्क बिघडली. यादीची फाइल माझ्याकडे होती, गाण्यांचा बॅकअप ताईच्या जुन्या मॅकवर. तिने झिप करून पाठवलं, मी नव्या डिस्कवर त्याच पत्त्यावर उघडलं. पहिलं खोकं वाजलं. दुसरं नाही, तिसरं नाही. फोल्डर डोळ्यांसमोर, आत फाइली, डबल क्लिक केलं की व्हीएलसी या दुसऱ्या प्लेअरमध्ये गाणंही लागतं. आयट्यून्स मात्र म्हणतंय सापडत नाही.

एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत मी फोल्डरचं नाव हाताने टाइप केलं. विंडोजही म्हणालं, असा फोल्डर नाही. समोर दिसत असताना!

भानगड होती 'ऱ' या एका अक्षरात. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'वाऱ्यावर' यांत येणारा हा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक तर स्वतंत्र अक्षर म्हणून, नाहीतर साधा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब), असे दोन तुकडे करून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी फाइलपद्धत, एचएफएस प्लस, नावं साठवताना अशी जोड अक्षरं आपणहून तोडून ठेवायची. झिपमध्ये नावं तशीच तुटलेली आली. विंडोज मात्र नावांतला एकेक तुकडा जसाच्या तसा जुळवून पाहतं. त्याच्या लेखी अख्खा ऱ वेगळा आणि र खाली नुक्ता वेगळा. इतका वेगळा, की दिसायला एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी राहू शकतात. 'पहिल्या'त ऱ नाही, म्हणून पहिलं खोकं सुटलं.

ओळखायची खूण सोपी. फोल्डरचं नाव बदलायला घ्या, कर्सर 'ऱ्या'च्या पुढे ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा दाबा. काना जाईल, य जाईल, पायमोडणी जाईल, आणि मग ऱ चा नुसता नुक्ता जाऊन र उरला, तर नाव तुटलेलं आहे. अख्खा ऱ एका फटक्यात गेला तर बरोबर. दुरुस्ती म्हणजे विंडोजवर बसून ते नाव नव्याने टाइप करणं, फोल्डरांचं आणि आतल्या ज्या ज्या फाइलींत ऱ असेल त्यांचंही. दोन फोल्डर आणि चोवीस फाइली होत्या. टाइप केल्या आणि यादी जिवंत झाली, तारे आणि प्लेलिस्टसकट. हल्लीच्या मॅकवरची एपीएफएस ही पद्धत नावं दिली तशी ठेवते, पण जुन्या डिस्कवरून आलेला माल तुटलेलाच येतो.

दुप्पट झालेली गाणी, भरलेली डिस्क

प्रेफरन्सेसमधल्या ॲडव्हान्स्डच्या त्याच पानावर दोन चौकटी आहेत आणि त्यांची लोक हमखास गल्लत करतात. एक आहे 'कॉपी फाइल्स टू आयट्यून्स मीडिया फोल्डर'. ती चालू असेल तर तुम्ही काहीही आत टाकलंत की त्याची प्रत मीडिया फोल्डरात जाते. मूळ फाइल जिथल्या तिथे राहते. दुसरी 'कीप आयट्यून्स मीडिया फोल्डर ऑर्गनाइझ्ड'. ती आतल्या फाइलींची नावं आणि फोल्डर नीट लावत बसते. पहिली माल आणते, दुसरी मांडणी करते.

पहिली चालू असताना डाउनलोड्समधला फोल्डर आत घेतलात, महिन्याने विसरून तोच पुन्हा घेतलात. सॉफ्टवेअर बघतं: या पत्त्याचं गाणं यादीत आहे का? नाही, कारण यादीतला पत्ता मीडिया फोल्डरातल्या प्रतीचा आहे, डाउनलोड्सचा नाही. म्हणून दुसरी प्रत. नाव आधीच घेतलेलं असल्यामुळे नव्या फाइलच्या नावापुढे 1 लागतो. मीडिया फोल्डरात अशा एक लागलेल्या फाइली दिसल्या की समजायचं, कुणीतरी एकच पोतं दोनदा रिकामं केलं आहे. गंमत म्हणजे चौकट बंद असती तर असं झालं नसतं. त्याच पत्त्याची फाइल सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा नोंदवत नाही. तरीही मी घरच्या माणसांसाठी ती चालूच ठेवतो. दुप्पट गाणी नंतर निवडता येतात, हरवलेली परत आणता येत नाहीत.

निवडायची कशी? फाइल, लायब्ररी, शो ड्यूप्लिकेट आयटम्स. पण थांबा. ही यादी नाव आणि गायक सारखे असले की दुप्पट धरते, आणि शास्त्रीय संगीताच्या घरात हा निकष घातक आहे. एकाच गायकाचा यमन चार मैफलींतला असतो, चारही ठिकाणी गाण्याचं नाव 'यमन'. फिल्मी गाणी ऐकणाऱ्या कुणीतरी हे सोयीचं ठरवलं असावं असं मला उगाच वाटतं. मेनू उघडताना शिफ्ट दाबून धरा, मग 'शो एग्झॅक्ट ड्यूप्लिकेट आयटम्स' येतं. ते अल्बमही जुळवून बघतं. तरी पुसायच्या आधी वेळेचा रकाना वाचाच. 22 मिनिटांचा यमन आणि 38 मिनिटांचा यमन ही जुळी भावंडं नाहीत.

जागेचा हिशोब कॅसेटवाल्यांनी तर करावाच. सीडीच्या दर्जाचा वेव्ह (न दाबलेला) आवाज म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने, 16 बिट, डावा आणि उजवा असे दोन चॅनल. मिनिटाला 10 एमबीच्या थोडं वर. 60 मिनिटांची एक कॅसेट 600 एमबी ओलांडते. चाळीस कॅसेटचे 25 जीबी. आता उतरवलेल्या फाइली डेस्कटॉपवर, त्यांची प्रत मीडिया फोल्डरात, म्हणजे 50. कन्सॉलिडेट केलंत तरी हेच: सॉफ्टवेअर प्रत आणतं, मूळ पुसत नाही. मूळ फाइली तुम्ही स्वतः, खात्री करून, पुसायच्या. आणि 'क्रिएट एएसी व्हर्जन' केलंत, तर 256 केबीपीएसच्या दर्जाला मिनिटाला जेमतेम 2 एमबीची छोटी प्रत मिळते खरी, पण वेव्ह जिथल्या तिथे राहते आणि यादीत दोन नोंदी होतात. जागा वाचवायला गेलो आणि वाढली, ही तक्रार इथून येते.

वेव्हबद्दल आणखी एक, आणि हे मला फार उशिरा कळलं. आयट्यून्समध्ये तुम्ही वेव्ह फाइलला गायक, राग, अल्बम अशी माहिती भरता ती फाइलमध्ये लिहिली जात नाही. फक्त यादीत राहते. यादी बिघडली की फाइली सगळ्या अनामिक. ॲपल लॉसलेसमध्ये बदलून घेतल्या तर आवाजात काहीच कमी होत नाही, जागा बरीच वाचते, आणि माहिती फाइलच्याच पोटात बसते. तारे आणि ऐकल्याचे आकडे मात्र कोणत्याही फाइलमध्ये जात नाहीत, ते यादीपाशीच.

आता पुसण्याची बाजू. यादीतून गाणं काढताना 'फाइल ठेवू की रिसायकल बिनमध्ये टाकू' असं सॉफ्टवेअर कधी विचारतं, कधी विचारत नाही, आणि लोकांना ते लहरी वाटतं. लहरी नाही. फाइल मीडिया फोल्डरात असेल तर विचारतं. बाहेर असेल तर तो माल आपला नाही असं धरून फक्त नोंद काढतं. म्हणून पन्नास अल्बम काढूनही डिस्क तेवढीच भरलेली राहते.

एकाच अल्बमची आठ फोल्डरांत वाटणी

ही खरं तर बिघाडाची तक्रार नाही, पण फोन येतात. मांडणीची चौकट गायकाच्या नावाने फोल्डर करते. मराठीत संच बहुतेक संगीतकाराचे नाहीतर नाटकाचे असतात आणि गायक अनेक. 'गीतरामायण'च घ्या. 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं तेव्हा गदिमांची गीतं, चाली बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, पण गायक-गायिका कितीतरी. त्या 56 गाण्यांना प्रत्येकाच्या गायकाचं नाव भरलंत, तर ती डझनभर फोल्डरांत विखुरतात. अल्बम आर्टिस्ट या रकान्यात सगळ्यांना एकच नाव द्या, सुधीर फडके म्हणा हवं तर. फोल्डर त्या नावाने एकत्र येतो आणि गायकाचं नाव आपल्या रकान्यात शाबूत राहतं. किंवा 'अल्बम इज अ कंपायलेशन' अशी खूण करा, मग सगळं कंपायलेशन्स फोल्डरात जातं. मला पहिला मार्ग आवडतो.

शुद्धलेखन इथे थेट फोल्डर हलवतं. अमोणकरचं आमोणकर केलंत, की चौकट चालू असल्यास डिस्कवरचा फोल्डरही बदलला. आयट्यून्सला ते ठाऊक, कारण बदल त्यानेच केला. पण त्याच फाइली तुम्ही व्हीएलसीच्या प्लेलिस्टमध्येही घातल्या असतील, तर ती आता तुटली. तीच गत 'पं.' लावलेल्या आणि न लावलेल्या नावांची: एकच बुवा, तीन फोल्डर. आणि 'पु. ल.' असं नाव भराल तर फोल्डर 'पु. ल_' असा दिसेल. विंडोजला फोल्डरच्या नावाच्या शेवटी टिंब चालत नाही, म्हणून सॉफ्टवेअर तिथे खालची रेघ मारतं. प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारख्या दिसणाऱ्या अपूर्णविरामाचंही तेच. बिघाड नाही, सोडून द्या. मुद्दाम हाताने टिंब घालायला जाऊ नका.

सगळं बिऱ्हाड नव्या डिस्कवर

मीडिया फोल्डर एकटा हलवून मग यादीला समजावत बसणं, हा लांबचा रस्ता. यादी आणि माल एकाच आयट्यून्स फोल्डरात असले, की तो अख्खा फोल्डर उचलून नेता येतो. पूर्ण पत्ता जुळला नाही तरी आयट्यून्स आपल्या शेजारच्या मीडिया फोल्डरात बघतं.

तेव्हा आधी कन्सॉलिडेट, म्हणजे बाहेर काही राहत नाही. मग आयट्यून्स बंद. म्युझिकमधला आयट्यून्स फोल्डर पूर्णच्या पूर्ण नव्या डिस्कवर कॉपी, कट नव्हे. शिफ्ट दाबून धरून आयट्यून्स उघडा, लायब्ररी विचारणारी छोटी खिडकी येईपर्यंत बोट सोडू नका. 'चूज लायब्ररी' निवडून नव्या डिस्कवरची आयटीएल फाइल दाखवा. मॅकवर शिफ्टऐवजी ऑप्शन. दोन-चार गाण्यांची साँग इन्फो उघडून पत्ता नव्या डिस्कचाच आहे ना, ते वाचा.

गाणी वाजली म्हणजे झालं असं समजू नका. जुना फोल्डर अजून सीवर आहे आणि काही नोंदी गुपचूप तिथूनच वाजत असू शकतात. जुना लगेच पुसूही नका. त्याचं नाव बदला: आयट्यून्सच्या पुढे 'जुनं' लावा. आता ज्या नोंदी जुन्या पत्त्यावर टेकलेल्या असतील त्यांच्यासमोर वाजवताना उद्गारचिन्ह येईल आणि तेवढ्याच शोधून आणता येतील. त्या 'जुनं'मध्ये 'प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज' नावाचा फोल्डर असला तर तो जपा. नवी आवृत्ती घालताना आयट्यून्स जुन्या यादीची प्रत तारीख घालून तिथे ठेवतं. यादीच खराब झाली, तर त्यातली ताजी प्रत बाहेर काढून तिचं नाव नुसतं आयट्यून्स लायब्ररी करायचं आणि बिघडलेल्या फाइलच्या जागी ठेवायचं. त्या तारखेनंतर भरलेली गाणी यादीत दिसणार नाहीत, पण फाइली मीडिया फोल्डरात असतातच. आणि 'ॲड फोल्डर टू लायब्ररी' वापरायचं ते फक्त इथे, फक्त तेवढ्याच फोल्डरांपुरतं.